रक्ताच्या कागदावरची दुसरी ओळ

गुरुजी, त्या दिवशी मी तुमच्यापुढे गप्प बसले ते तुमचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. तुम्ही वयानं मोठे. बचत गटाची बैठक तुमच्याच ओसरीवर, आणि आलेल्या निम्म्या बायका तुमच्याच हाताखाली पाटीवर अक्षर गिरवून मोठ्या झालेल्या. त्यात फेब्रुवारी, हळदीचा हंगाम. कुणाची हळद शिजायला लागलेली, कुणाची वाळवणाला पसरलेली, सगळ्यांनाच उठायची घाई. तुमच्या घरचा चहा घेऊन तुमच्याशीच वाद घालायचा, हे मला जमलं नाही. पण तुम्ही बोललात, बायकांनी माना डोलावल्या, आणि त्यातल्या एकीनं त्याच आठवड्यात आपली गोळी बंद केली. म्हणून आता लिहिते.

तुमचं म्हणणं मला आठवतं तसं मांडते, चुकलं तर सांगा. संधिवातानं बोटं वाकडी होतात, जीव जात नाही. बाईमाणसाला रक्त कमी असायचंच. डॉक्टर देतात ती आठवड्याची गोळी मुळात कॅन्सरची, ती रक्त जाळते. त्यापेक्षा आपल्या वसमतची हळद दुधातून घ्यावी. आणि लाखात एखाद्याला होणाऱ्या दुखण्यांची नावं सांगून खेड्यातल्या बायांना घाबरवू नये.

मी डॉक्टर नाही. वसमतच्या एका लॅबमध्ये एकोणीस वर्षं रक्त काढते आणि काचेवर बघते, एवढंच माझं काम. दंडाला पट्टा बांधला की आम्ही म्हणतो, ‘मूठ आवळा.’ शिर वर यावी म्हणून. रोज वीस-पंचवीस जणांना मी हे म्हणते, आणि त्यात एखादी बाई अशी निघते की जिची मूठ मिटतच नाही. बोटांची पेरं सुजलेली, मधलं बोट तळव्यापर्यंत पोचत नाही. ‘काय झालं हाताला?’ विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘काही नाही ताई, हळद काढून काढून दुखतात.’ किंवा कापूस वेचून. सकाळी उठल्यावर तास-दोन तास हात आखडलेले असतात, भाकरी थापता येत नाही, हंड्याला बोटं अडकत नाहीत, हे नंतर हळूच सांगतात. कामानं दुखणारा हात रात्रभराच्या विश्रांतीनं मोकळा होतो. हा हात सकाळीच जास्त आखडतो. ही खूण कुठल्याही बाईला ओळखता येईल.

या आजाराला कुणी आमवात म्हणतं, कुणी गठिया वात, डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात निराळा. इथं शरीराची राखण करणारी व्यवस्थाच आपल्या माणसांवर उलटते. ती सांध्यांवर उलटते हे दिसतं, कारण बोटं दिसतात. पण ती राखण करणारी फौज रक्तातच फिरत असते, हाडांच्या मगजात तयार होते, पानथरीतून गाळून जाते. अशा आजारात रक्त अलिप्त राहील ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता ‘लाखात एखादी’ हा मुद्दा. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. कोणाचे सांधे दुखतात, कशानं दुखतात, हे आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यात माणसं मोजून सांगणारं ते काम आहे. त्यात हा आजार मोठ्या माणसांमध्ये साधारण अर्धा टक्का निघाला. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या वर होती. त्यातले सात लाख मोठे धरले, तर भिगवणच्या मापानं आपल्या पाच तालुक्यांत साडेतीन हजार माणसं या आजाराची असतील; एका पुरुषामागे तीन बायका हे जगभरचं प्रमाण धरलं तर त्यातल्या अडीच हजारांहून जास्त बायकाच. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण तुम्ही गणित शिकवलंय, तुम्हीच तपासा. रक्ताची जी गुंतागुंत दुर्मिळ म्हणतात ती या रुग्णांपैकी शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना होते. तरी जिल्ह्यात वीस-तीस बायका उरतात. तुमच्या एका वर्गात मावतील इतक्या. त्यांची नावं हजेरीपटावर नाहीत म्हणून त्या वर्गात नाहीत असं म्हणायचं का?

त्यातल्या एकीचं सांगते. सेनगाव तालुक्यातली, पंचेचाळिशीची. ओळख पटू नये म्हणून याहून जास्त सांगत नाही. बारा वर्षं सांध्यांचं दुखणं. नडगीवर एक जखम होती, चार महिने भरून येत नव्हती. वर्षात दोनदा न्यूमोनिया झालेला. प्लास्टिकच्या पिशवीत तिनं जुने रिपोर्ट जपून आणले होते, वेगवेगळ्या ठिकाणचे, तीन वर्षांतले तीन. मी ते टेबलावर एकाखाली एक मांडले.

आमच्या रिपोर्टात पहिली ओळ हिमोग्लोबिनची असते. तिन्ही कागदांवर त्या ओळीभोवती पेनानं गोल केलेला होता. ९.१, मग ८.८, मग ९.०. प्रत्येक वेळी लोहाच्या गोळ्या लिहून दिलेल्या. दुसरी ओळ पांढऱ्या पेशींची. तिथं ४,१००, मग २,९००, मग १,७००. या ओळीला कुणाचं पेन लागलेलं नव्हतं. चार हजारांच्या खाली आकडा गेला की तो कमी समजतात, आणि तो पायरी पायरीनं उतरत होता, तीन वर्षं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मी नवीन नमुना घेतला, काच रंगवली, भिंगाखाली शंभर पेशी मोजल्या. जंतूंवर सगळ्यांत आधी धावून जाणाऱ्या ज्या न्यूट्रोफिल पेशी, त्या शंभरात फक्त २८ होत्या. १,७०० चे अठ्ठावीस टक्के म्हणजे ४७६. पाचशेच्या आत. एवढ्या शिपायांवर गावाची राखण होत नाही. नडगीची जखम का भरत नव्हती ते त्या काचेवर लिहिलेलं होतं. निदान करणं माझं काम नव्हे, बोट दाखवणं माझं काम. मी रिपोर्टावर लाल शाईनं दुसरी ओळ अधोरेखित केली आणि आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तिला झोपवून डाव्या बरगडीखाली हात घातला तर पानथरी बोटाला लागली, चांगली चार बोटं वाढलेली.

जुना संधिवात, वाढलेली पानथरी, घटलेल्या पांढऱ्या पेशी. या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले पाच रुग्ण ऑगस्टस फेल्टी नावाच्या डॉक्टरनं अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पाहिले आणि १९२४ साली लिहून ठेवले. तेव्हापासून याला फेल्टी सिंड्रोम म्हणतात. म्हणजे हे नाव काही कालपरवा कुणी घाबरवायला शोधून काढलेलं नाही, त्याला शंभर वर्षं झाली. बहुतेक वेळा ते आजाराची दहाएक वर्षं उलटल्यावर, सांध्यांचं नुकसान बरंच झालेल्या माणसात दिसतं. याचाच एक सख्खा भाऊ आहे. त्यात मोठ्या आकाराच्या, दाणेदार लिम्फोसाइट पेशी रक्तात माजतात. तो संथ चालीचा रक्ताचा कर्करोगच, आणि त्याच्या चार-सहा रुग्णांमागे एकाला तरी हा संधिवात असतो. वरून दोन्ही इतके सारखे दिसतात की फरक कळायला पुढच्या तपासण्या लागतात. पण पहिला संशय यायला काच आणि भिंग पुरतं. आपल्याकडच्या छोट्या लॅबमधली बरीच यंत्रं पेशींचे तीन ढोबळ ढीग करून आकडा देतात. दाणे कुठल्या पेशीत आहेत ते त्यांना दिसत नाही. म्हणून मी नव्या मुलींना सांगते, यंत्रानं कागद काढला तरी आकडा वेडावाकडा असेल तर काच रंगवल्याशिवाय उठायचं नाही.

आणि गुरुजी, आता ऐका. त्या बाईला नांदेडला पाठवलं, तिथून पुढे मोठ्या तज्ज्ञांकडे गेली. तिच्या पांढऱ्या पेशी वाढवायला काय दिलं असेल? तीच गोळी. मेथोट्रेक्झेट. तुम्ही म्हणालात रक्त जाळते ती. फेल्टीच्या उपचारात सहसा पहिल्यांदा हाताशी घेतात ती हीच गोळी, कारण पेशी खाणारा मूळ आजारच ती दाबते. सात महिन्यांनी तिच्या दुसऱ्या ओळीवर मी ३,६०० हा आकडा टाइप केला. जखम त्याच्या आधीच भरली होती.

तुमचं म्हणणं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं म्हटलं तर मीही लोकांना फसवीन. मेथोट्रेक्झेट ही कॅन्सरवर वापरलेली गोळी आहे, खरं आहे. आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून हे औषध आलं, आणि रक्ताच्या कर्करोगानं पटापट जाणारी पोरं त्याच्या आधीच्या भावंड-औषधानं १९४८ साली पहिल्यांदा काही काळ तरी सावरलेली जगानं पाहिली. कर्करोगात ते मोठ्या मात्रेत देतात. संधिवातात आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. एवढ्या मात्रेतही क्वचित एखादीच्या हाडांचा मगज बसतो; लाल, पांढऱ्या, प्लेटलेट, तिन्ही पेशी एकदम घसरतात. हे मी पाहिलं आहे. कळमनुरीकडची एक आजी ताप, तोंड आलेलं आणि अंगावर लाल ठिपके घेऊन आली. पांढऱ्या पेशी ९००, प्लेटलेट २२,०००. तिला ‘रोज एक’ असं कुणीतरी तोंडी सांगितलं होतं, आणि तिनं ते सतरा दिवस इमानानं पाळलं होतं. आठवड्याची गोळी रोज घेतली तर ती विषच होते. नातवानं तिला वेळेत नांदेडला नेलं, फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं लागली, वाचली.

पण ती जळाली कशानं? गोळीनं, की ‘आठवड्यातून एकदा’ हे दोन शब्द तिच्यापर्यंत न पोचल्यानं? दुसरी एक वाट मूत्रपिंडातून जाते. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. जुलाब लागले, पाणी आटलं, की औषध अंगात साचतं. आणि तिसरी वाट सर्वांत लबाड. लघवीच्या जंतुसंसर्गावर को-ट्रायमोक्साझोल नावाची स्वस्त गोळी देतात. ती आणि ही एकत्र आली की दोघी मिळून मगजाचं फोलिक ॲसिड तोडतात. औषध देणाऱ्याला ‘मी संधिवाताची आठवड्याची गोळी घेते’ एवढं सांगितलं तरी हा अपघात टळतो. तुम्ही बायकांना हे सांगितलं असतंत तर मी तुमच्या पाया पडले असते. तुम्ही सांगितलंत, गोळी सोडा.

सोडल्यानं काय होतं? सांधे तर जातातच. पण रक्ताचंही ऐका. स्वीडनमध्ये हा संधिवात असलेल्या आणि पुढे लिम्फोमा, म्हणजे लसग्रंथींचा कर्करोग झालेल्या ३७८ रुग्णांची, तो न झालेल्या तितक्याच संधिवाताच्या रुग्णांशी तुलना करून २००६ साली अभ्यास छापला गेला. या संधिवातात लिम्फोमाचा धोका साधारण दुप्पट असतो हे आधीच माहीत होतं; प्रश्न होता, तो औषधांमुळे की आजारामुळे. उत्तर निघालं आजारामुळे. ज्यांचा आजार वर्षानुवर्षं धगधगता राहिला त्यांनाच धोका कितीतरी पटींनी जास्त होता. घर जळतंय म्हणून पाणी मारणाऱ्यालाच आग लावणारा म्हणायचं, तसं होतंय हे.

‘बाईमाणसाला रक्त कमी असायचंच’ या वाक्यावर मात्र मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. तुम्ही एकट्यानं ते म्हटलेलं नाही, आमच्या क्षेत्रातली माणसंही दिवसभर तेच म्हणतात. पण रक्त कमी हे निदान नाही, तो प्रश्न आहे. या आजारात त्याची निदान तीन उत्तरं असतात. एक, अंगात दाह पेटलेला असला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं द्रव्य जास्त सुटतं आणि लोहाला कुलूप लागतं. कणगी भरलेली, पण चावी हरवलेली. अशा बाईला लोहाच्या कितीही गोळ्या चारा, हिमोग्लोबिन नऊच्या नऊ. दाह विझला की आपोआप चढतं. दोन, दुखतं म्हणून मेडिकलमधून आणून रोज खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला जखम होते आणि रक्त थेंब थेंब जातं. शौचाला काळं होतं, ते सांगायला बाई लाजते. इथं लोह लागतं, पण आधी ती गोळी थांबायला लागते. तीन, फोलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी पडून लाल पेशी मोठ्या आणि कमकुवत होतात. या तिघींना वेगळं करायची पहिली खूण आमच्या त्याच कागदावर छापलेली असते, लाल पेशीच्या सरासरी आकाराची, एमसीव्ही. तिच्याभोवतीही कुणी गोल करत नाही.

आणि तुम्हाला सांगते, हे फोलिक ॲसिड जगाला सापडलं ते आपल्या महाराष्ट्रातल्या गरीब बायकांच्या रक्तातून. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन दगावत होत्या. तेव्हाही ‘बायकांचं असतंच’ म्हणून सोडून देता आलं असतं. तिनं परळच्या हाफकिन संस्थेत बसून त्यांचा आहार तपासला, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्कानं हे रक्त सुधारतं हे १९३१ मध्ये छापून दाखवलं. त्या अर्कातला जो घटक आधी तिच्या नावानं ओळखला गेला, तेच पुढे फोलिक ॲसिड ठरलं. आज मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या प्रत्येक बाईला आठवड्यात दुसऱ्या दिवशी जी फोलिक ॲसिडची गोळी देतात, रक्त सांभाळायला, तिच्यामागे त्या गिरणीतल्या बायका आहेत. मी ती गोळी कुणाच्या हातावर ठेवते तेव्हा मला त्यांची आठवण येते.

हळदीबद्दल थोडक्यात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही अभिमान आहे. माझ्या माहेरी आजही दोन एकर हळद आहे. भाजीत, दुधात हवी तेवढी घ्या. पण तिच्यातलं गुणाचं म्हणून सांगतात ते कुर्क्युमिन वजनाच्या तीनेक टक्केच असतं आणि पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. उलट कॅप्सूल करून मोठ्या मात्रेत घेतलं तर ते लोहाला धरून ठेवतं. ज्या बाईचं रक्त आधीच नऊवर आहे तिला हे कसं परवडेल? आणि बिननावाच्या ‘वाताच्या पुड्या’ तर मुळीच नकोत. त्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत बरं वाटतं, आणि माझ्या कागदावर न्यूट्रोफिल खोटे वाढलेले दिसतात, म्हणजे खरी घसरण झाकली जाते.

तुमचा एक मुद्दा मी मनापासून मान्य करते. साध्या तापाला डॉक्टर वेळेवर भेटत नाहीत तिथं दुर्मिळ आजारांचं काय घेऊन बसलात, हे तुम्ही शेवटी म्हणालात. पण हे दुर्मिळ आजार शोधायला दुर्मिळ यंत्र लागत नाही. लागते ती सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी. दोन मिलिलिटर रक्त, जांभळ्या झाकणाची एक नळी, दोनशे-तीनशे रुपये. सरकारी दवाखान्यातून नमुना महालॅबला गेला तर तेही नाहीत. गोळी सुरू केल्यावर पहिले तीन महिने दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी. आणि मागचे कागद फेकायचे नाहीत, शेजारी ठेवून बघायचे. हिंगोलीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथं येणाऱ्या पोरांना पहिल्या वर्षापासून तीन जुने कागद एकाखाली एक मांडायला शिकवा, असं मी हात जोडून सांगेन. औषध दुकानदारांना सांगेन, या गोळीच्या पाकिटावर वार लिहा, मराठीत, ठळक. मी माझ्या बायकांना सांगते, तुमच्या गावचा बाजार ज्या वारी भरतो तोच गोळीचा वार. बाजार चुकत नाही, तशी गोळीही चुकत नाही, आणि रोज बाजार नसतो तशी रोज गोळीही नसते.

ज्या बाईनं गोळी बंद केली ती परत आली आहे, तिचं मी बघून घेते. तुम्हाला लिहायचं कारण दुसरंच. त्या दिवशी काकू चहा घेऊन ओसरीवर आल्या, तेव्हा ट्रे त्यांनी बोटांत धरलेला नव्हता; दोन्ही मनगटांवर तोलून आणला होता. कप माझ्या हातात देताना अंगठा आणि तळवा यांच्यात दाबून दिला. त्यांची मूठ मिटत नाही, गुरुजी. आणि चेहरा पांढरा पडलेला आहे. त्यांना घेऊन या. लॅब सकाळी आठला उघडते, उपाशीपोटी यायची गरज नाही, आणि घरात जुने रिपोर्ट असतील ते सगळे घेऊन या.